कोकुदो: कारखान्यांच्या वाटेवरचं स्टेशन

योकोहामा शहराच्या त्सुरुमी भागात पंधरा क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग एका रेल्वेपुलाखालून जातो. पुलाला लागूनच काँक्रीटची एक अंधारी बोळकंडी आत शिरते. तिच्यात एकामागून एक कमानी आहेत, कमानींच्या डोक्यावर रूळ आणि फलाट, आणि दोन्ही अंगांना दुकानांचे गाळे. बहुतेक गाळ्यांना फळ्या ठोकलेल्या आहेत. एखाद्या जागेच्या दलालाची पाटी अजून टांगलेली दिसते, पण दलाल केव्हाच गेलेला असतो. भर दुपारीही इथे ऊन पोचत नाही. मधोमध जिना आहे, आणि जिन्याच्या तोंडाशी तिकिटाच्या खिडकीची जागा. तिथला माणूस १९७१ साली गेला, तो परत आलाच नाही.

हे कोकुदो स्टेशन. त्सुरुमी जंक्शनवरून निघालेल्या गाडीला इथे पोचायला एक किलोमीटरही धावावं लागत नाही. ज्या महामार्गाला लागून ते उभं राहिलं त्या 'कोकुदो'चंच, म्हणजे 'राष्ट्रीय महामार्गा'चंच, नाव त्याला चिकटलं. नाव ठेवणाऱ्यांनी फार विचार केलेला दिसत नाही. पण याच मार्गावरच्या पुढच्या स्टेशनांची नावं मात्र फार विचारपूर्वक ठेवलेली आहेत. आसानो, आन्झेन, मुसाशी-शिराइशी, ओकावा. यातलं एकही जुन्या गावाचं नाव नाही. ही माणसं आहेत, आणि सगळी उद्योगपती. जिथे ही स्टेशनं उभी आहेत तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाव नव्हतं, रस्ता नव्हता, जमीनही नव्हती. समुद्र होता. नावं गिरवायला पाटी कोरी होती.

कोकुदोच्या बाजूची पाटी मात्र कोरी नव्हती. बोळकंडीच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडलं की जुना तोकाइदो लागतो. एदो आणि क्योतो यांना जोडणारा हा राजरस्ता इथे नामामुगी नावाच्या कोळीवाड्यातून जायचा. १४ सप्टेंबर १८६२ या दिवशी सात्सुमा संस्थानचे सर्वेसर्वा शिमाझु हिसामित्सु यांची मिरवणूक एदोहून परतत होती, आणि समोरून चार इंग्रज घोड्यांवरून रमतगमत येत होते. मिरवणूक आली की बाजूला होऊन खाली उतरायचं, हा रिवाज. इंग्रज उतरले नाहीत. सामुराईंच्या तलवारी निघाल्या, चार्ल्स रिचर्डसन नावाचा व्यापारी ठार झाला आणि त्याचे दोन सोबती जबर जखमी झाले. ब्रिटनने शोगुनकडे एक लाख पौंड आणि सात्सुमाकडे पंचवीस हजार पौंड मागितले. सात्सुमाने टाळाटाळ केली, तेव्हा पुढच्या वर्षी ब्रिटिश आरमाराने कागोशिमा शहरावर तोफा डागल्या. त्या तोफा पाहून सात्सुमावाल्यांनी वैर धरण्याऐवजी ब्रिटिशांशी संधान बांधलं, आणि पाच वर्षांत शोगुनशाही उलथून टाकणाऱ्यांत तेच आघाडीवर होते. जपानच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या उलथापालथीची एक ठिणगी या कोळीवाड्याच्या रस्त्यावर पडली. त्सुरुमीची गोष्ट सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. खरी गोष्ट मात्र पुढची आहे, आणि तिच्यात तलवारी नाहीत, सिमेंट आहे.

आसानो सोइचिरो यांचा जन्म १८४८ सालचा, जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हिमी भागात, एका वैद्याच्या घरी. वैद्यकी सोडून त्यांनी धंदे केले आणि एकामागून एक बुडवले. तेविशीत, सावकारांचा ससेमिरा चुकवत, ते टोकियोला पळाले. तिथे ओचानोमिझुच्या झऱ्याचं गार पाणी साखर घालून रस्त्यावर विकलं. मग योकोहामाला जाऊन मिसो-भात बांधायला लागणाऱ्या बांबूच्या सालींचा व्यापार केला, मग सरपण आणि कोळशाचा. आसानोंचं डोकं चालायचं ते दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या गोष्टींवर. योकोहामाच्या गॅस कारखान्यात कोळशातून गॅस काढून उरलेला कोक पडून असायचा आणि कोणाला तो नको असायचा. आसानोंनी तो स्वस्तात उचलला आणि टोकियोच्या फुकागावा भागातल्या सरकारी सिमेंट कारखान्याला इंधन म्हणून विकला. पुढे सरकारला तो कारखाना जड झाला, तेव्हा तो आसानोंच्याच पदरात पडला. साल १८८४.

त्यांच्या मागे उभे होते शिबुसावा एइची, मेइजी काळातल्या शेकडो कंपन्यांचे पाठीराखे. मुंबईला हे नाव परकं नाही. १८९३ साली जमशेदजी टाटांशी हातमिळवणी करून निप्पोन युसेन कंपनीची मुंबई-जपान जहाजवाहतूक सुरू झाली, तिच्यामागे हेच शिबुसावा. मुंबईचा कापूस परक्या कंपन्यांच्या मक्तेदारीतून सोडवून ओसाकाच्या गिरण्यांपर्यंत न्यायचा, हा त्या सौद्याचा हेतू. शिबुसावांना म्हणे आसानो आवडले ते या कारणाने, की मालक असूनही हा माणूस मजुरांबरोबर कोळशाने काळा होऊन राबत होता.

१८९६ साली आसानो परदेशी गेले. तिकडच्या बंदरांत मोठी जहाजं थेट धक्क्याला लागतात आणि धक्क्यावरच रेल्वेचे डबे उभे असतात, हे त्यांनी पाहिलं. योकोहामात तेव्हा जहाज खोल पाण्यात नांगरायचं आणि माल पडावांतून किनाऱ्यावर यायचा. प्रत्येक गोणी दोनदा चढवायची, दोनदा उतरवायची. त्सुरुमी आणि कावासाकीसमोरचा उथळ समुद्र भरून काढायचा, भरावाच्या कडेला धक्के बांधायचे, धक्क्यामागे कारखाने आणि कारखान्यांमागे रेल्वे, ही योजना त्यांनी १९०८ साली कानागावा प्रांताकडे मांडली. तिचा आवाका दबकायला लावणारा होता: पंधरा लाख त्सुबो, म्हणजे जवळपास पाचशे हेक्टर. प्रांताधिकाऱ्यांना हे एका माणसाच्या खिशाबाहेरचं वाटलं, आणि ते चूकही नव्हते.

खिसा आला तो यासुदा झेंजिरो यांचा. बँकांचा हा सम्राट कवडीचा हिशेब ठेवण्याबद्दल बदनाम होता. त्याने स्वतः किनाऱ्यावर जाऊन पाहणी केली, समुद्राची खोली, गाळ, भरती-ओहोटी सगळं समजून घेतलं, आणि मग पैसा दिला. १९१२ साली भरावासाठी मंडळ स्थापन झालं, १९१३ साली काम सुरू झालं. समुद्रतळाचा गाळ यंत्रांनी उपसून भिंतींच्या आत सोडायचा, हे पुढची सुमारे पंधरा वर्षं चाललं. यासुदांनी ते पुरतं पाहिलं नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये ओइसोच्या बंगल्यात देणगी मागायला आलेल्या एका माथेफिरू राष्ट्रवाद्याने त्यांचा खून केला. ज्याला लोक कंजूष म्हणायचे त्याच्या पैशाने टोकियो विद्यापीठाचं प्रसिद्ध सभागृह उभं राहिलं, हे बहुतेकांना त्याच्या मृत्यूनंतरच कळलं. भरावावरच्या एका स्टेशनाला त्यांच्या आडनावातलं एक अक्षर आणि नावातलं एक अक्षर जोडून नाव दिलं गेलं: आन्झेन.

शिराइशी मोतोजिरो आसानोंचे जावई. त्यांनी १९१२ साली निप्पोन कोकान ही पोलादी नळ्या बनवणारी कंपनी काढली. तिच्याकडे स्वतःची झोतभट्टी नव्हती, ती आली १९३६ साली. तोवर भंगार आणि बाहेरून आणलेल्या बिडाच्या लगडी वितळवून काम चालायचं, आणि त्या लगडींत हिंदुस्थानातून आलेल्या पुष्कळ असायच्या. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जमशेदपूरच्या टाटांचं बीड मोठ्या प्रमाणावर जपानला जात होतं. चौथे, ओकावा हेइझाबुरो, कागदाच्या धंद्यातले बडे आणि शिबुसावांच्या नात्यातले. थोडक्यात, सासरा, जावई, सावकार आणि सोयरा एकाच लोहमार्गावर दोनेक किलोमीटरांत ओळीने उभे आहेत. शेवटचं स्टेशन ओगिमाची, त्याचं नावही आसानो घराण्याच्या पंख्याच्या चिन्हावरून आलेलं.

मालाला रेल्वे हवी म्हणून १९२४ साली त्सुरुमी रिन्को रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि मार्च १९२६ मध्ये हामा-कावासाकी ते बेन्तेनबाशी मालगाड्या धावू लागल्या. माणसांचा विचार नंतरचा. पण भरावावर घरं नव्हती, मजूर रोज बाहेरून यायचे, आणि कारखाने वाढत गेले तसे पायी येणारे हजारो लोक पुलांवर तुंबू लागले. २८ ऑक्टोबर १९३० रोजी मार्ग त्सुरुमीच्या दिशेने वाढवून, वीज घालून, प्रवासी गाड्या सुरू झाल्या. कोकुदो त्या दिवसाचं अपत्य. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आसानो गेले. त्यांची समाधी त्सुरुमीतल्याच सोजिजी या झेन मठात आहे. हा मठ मूळचा नोतो द्वीपकल्पातला, आगीत जळाल्यावर १९११ साली इथे हलवलेला. मठाच्या यात्रेकरूंसाठी कोकुदोच्या अलीकडे 'होन्झान' नावाचा एक थांबाही होता. १९४२ साली तो बंद झाला. युद्धाच्या धामधुमीत यात्रेकरूंसाठी गाडी थांबवणं परवडण्यासारखं नव्हतं.

कोकुदो बांधणाऱ्यांना मात्र उद्याची मोठी स्वप्नं पडत होती. उंचावरून जाणाऱ्या रुळांखालची जागा वाया का घालवायची? तिथे बाजारपेठ करावी, महामार्गावरून जाणाऱ्या मोटारी आणि कारखान्यातून परतणारे कामगार दोघेही तिथे खरेदी करतील. म्हणून त्या कमानी. आज त्या भुयारासारख्या दिसतात, पण १९३० साली लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट ही आधुनिकतेची खूण होती आणि अशा कमानींखालची दुकानं म्हणजे नव्या जमान्याचा झगमगाट. स्टेशन मालकाच्या नावाचं नसलं तरी मालकाच्या हिशेबातलं होतं.

हे मजूर कोण होते, हे स्टेशनांच्या नावांतून कळत नाही. त्सुरुमीच्या उशिओदा भागात ओकिनावाहून आलेल्या लोकांची वस्ती झाली, कोरियातून आलेल्यांची झाली. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. भराव चालू असतानाच १ सप्टेंबर १९२३ चा कांतो भूकंप झाला आणि कोरियन लोक विहिरींत विष कालवत आहेत अशी अफवा उठली. योकोहामा-टोकियो पट्ट्यात जमावांनी हजारो कोरियनांना ठार मारलं, आणि सैनिक-पोलिसही त्या पापात सामील होते. त्सुरुमीचे पोलिसप्रमुख ओकावा त्सुनेकिची यांनी सुमारे तीनशे कोरियन आणि चिनी माणसांना ठाण्यात आसरा दिला आणि बाहेर जमलेल्या जमावाला त्यांना हात लावू दिला नाही. विषारी म्हणून जमावाने आणलेलं पाणी त्यांनी सर्वांदेखत पिऊन दाखवलं, असं सांगतात. या ओकावांचा कागदवाल्या ओकावांशी संबंध नाही. यांच्या नावाचं स्टेशन नाही. उशिओदातल्या एका देवळाच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ एक दगड आहे, तो १९५३ साली कोरियन रहिवाशांनी उभारला.

युद्धाने हा मार्ग सरकारी केला. १ जुलै १९४३ रोजी सरकारने रिन्को रेल्वे सक्तीने ताब्यात घेतली आणि तिला त्सुरुमी लाइन हे नाव पडलं. पोलाद, जहाजं, तेल, वीजयंत्रं, शत्रूला हवं ते सगळं या एका पट्ट्यात होतं. १९४५ च्या एप्रिलमध्ये कावासाकी आणि मे महिन्यात योकोहामा बॉम्बहल्ल्यांत जळाली. कोकुदोच्या बाहेरच्या भिंतीवर आजही गोळ्यांच्या खळग्यांची रांग आहे, खाली झेपावून केलेल्या विमानी गोळीबाराची. ते खळगे बुजवले नाहीत. स्मारक म्हणून राखले असंही नाही. भिंत रंगवायची कोणाला गरज वाटली नाही, एवढंच. या स्टेशनाबद्दल लिहिणारे 'शोवा काळ', म्हणजे विसाव्या शतकाच्या मधली दशकं, 'जपलेलं ठिकाण' असा शब्दप्रयोग करतात, तो मला पटत नाही. जपायला कोणीतरी लागतं. कोकुदो टिकलं ते पाडण्यात कोणाचाच फायदा नव्हता म्हणून.

शांततेच्या काळातही रुळांवर रक्त सांडलं. ९ नोव्हेंबर १९६३ च्या रात्री त्सुरुमी आणि शिन-कोयासु यांच्या दरम्यान, नामामुगीजवळच्या मुख्य मार्गावर, एका मालगाडीचे डबे घसरले. त्यावर योकोसुका लाइनच्या दोन भरलेल्या लोकल आदळल्या. १६१ माणसं गेली. त्याच दुपारी दक्षिणेकडच्या मिइके खाणीत झालेल्या स्फोटात ४५८ खाणकामगार मेले होते. एका दिवसाचा हा जमाखर्च जपानच्या वेगवान वाढीच्या कहाण्यांत सहसा मांडला जात नाही. सोजिजीच्या आवारात त्या अपघाताचं स्मारक आहे, आणि ते आसानोंच्या समाधीपासून फार दूर नाही.

साठच्या दशकापर्यंत सकाळच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसे. सर्वांत वेगळी तऱ्हा उमि-शिबाउराची. १९४० साली उघडलेल्या या स्टेशनाचा फलाट थेट कालव्याच्या पाण्यावर आहे आणि बाहेर पडायचा दरवाजा म्हणजे तोशिबा कारखान्याचं फाटक. ओळखपत्र नसलेल्याला बाहेर पाऊल टाकता येत नाही. समुद्र पाहायला आलेल्या हौशींची कीव येऊन कंपनीने १९९५ साली फलाटालगत एक छोटी बाग करून दिली. लेखिका शोनो योरिको यांना १९९४ चं अकुतागावा पारितोषिक ज्या कादंबरिकेसाठी मिळालं, तिचा प्रवासही याच स्टेशनाकडे जातो.

माल ट्रकांवर गेला, कारखान्यांतले हात यंत्रांनी घटवले, आणि १९७१ साली त्सुरुमी सोडून सगळ्या स्टेशनांवरची माणसं काढली गेली. तिकीट तपासायचं कसं? रेल्वेने साधा उपाय केला: त्सुरुमीतच या मार्गासाठी वेगळं फाटक ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिथे गाठलं. ते फाटक २०२२ पर्यंत टिकलं. ओकावाच्या छोट्या फाट्यावर त्याहून गंमत. मुसाशी-शिराइशीला तिथल्या फलाटाचं वळण इतकं तीव्र होतं की लांब डबा त्याला घासायचा. म्हणून विसाव्या शतकाच्या तिशीच्या तोंडावर बांधलेला एक आखूड, तपकिरी, एकटा डबा १९९६ पर्यंत तिथे येरझारा घालत राहिला. तो पाहायला देशभरातून रेल्वेवेडे यायचे. तो निवृत्त झाला आणि ओकावाच्या गाड्या मुसाशी-शिराइशीला थांबायच्याच बंद झाल्या. आन्झेनहून मात्र टँकरच्या मालगाड्या सुटतच राहिल्या, अमेरिकन हवाईतळासाठी विमानाचं इंधन घेऊन. ज्यांच्या विमानांनी कोकुदोच्या भिंतीवर खळगे पाडले, त्यांच्याच विमानांचं इंधन याच मार्गाने जाऊ लागलं. १९६७ साली शिंजुकु स्टेशनात चुनखडीची मालगाडी आणि इंधनाची मालगाडी एकमेकींना धडकून पेटल्या, तेव्हा हे इंधन शहराच्या पोटातून जातं हे टोकियोकरांच्या ध्यानात आलं.

शिराइशींच्या कंपनीचं पुढे विलीनीकरण झालं आणि जेएफई हे नाव लागलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने इथली शेवटची झोतभट्टी कायमची विझवली. जवळजवळ नव्वद वर्षांनी या किनाऱ्यावरचं लोखंड गाळणं संपलं. त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरपासून त्सुरुमी लाइनवर ई१३१ जातीच्या नव्या गाड्या दाखल झाल्या, तीन-तीन डब्यांच्या. याच जातीचे डबे इतर मार्गांवर अधिक रुंद असतात. इथल्या जुन्या फलाटांत ते बसले नसते, म्हणून कारखान्याने त्सुरुमी लाइनपुरते अरुंद डबे वेगळे बांधून दिले.